टेंबलाईवाडीतील भाड्याच्या खोल्या आणि घरपोच भाडेकराराची सेवा : एक परीक्षण

कोल्हापुरात टेंबलाई टेकडीवर प्रादेशिक सेनेच्या 109 इन्फंट्री बटालियनचा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीचा तळ आहे. त्यामुळे टेंबलाईवाडी, विक्रमनगर आणि खाली उजळाईवाडीपर्यंतच्या पट्ट्यात दोन खोल्यांच्या घरांना बारमाही मागणी असते. जवानांची कुटुंबे, भरतीची तयारी करणारी मुले, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतील कामगार आणि विद्यापीठात शिकणारे विद्यार्थी हे येथील नेहमीचे भाडेकरू. त्यांचे करारनामे करून देणारी बरीच दुकाने शहरात झाली असून, अंगठ्याचे यंत्र आणि लॅपटॉप घेऊन ती आता घरीही येतात. अशाच एका सेवेकडून मी माझ्या वरच्या मजल्यावरील खोल्यांचा करार नोंदवून घेतला. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी मांडल्या आहेत त्या एकट्या तिच्याच नाहीत. या धंद्यातील बहुतेकांचे मसुदे एकाच साच्यातून निघालेले असतात आणि आश्वासनेही सारखीच दिली जातात.

आधी चांगले ते सांगतो. कोल्हापुरात आजही कित्येक घरमालक स्टँपपेपरवर अकरा महिन्यांचा करार टाईप करून नोटरीचा शिक्का घेतात आणि काम झाले असे समजतात. या दुकानात तसा करार मागितला असता तेथील बाईंनी सरळ नकार दिला. "काका, नोटरीचं करून देणारे शंभर आहेत, पण उद्या वाद झाला की ते कागद घेऊन तुम्ही आमच्याकडंच येणार," असे त्या म्हणाल्या, आणि ते खरे आहे. नोंदणी अधिनियम 1908 प्रमाणे एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून अकरा महिन्यांची पद्धत देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 ने मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे असे सांगितले आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर असून, ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिक्षेपेक्षाही घरमालकाने घाबरावे असे वाक्य त्याच कलमात आहे : नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले याबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. भाडे सात हजार ठरले होते की पाच हजार, अनामत परत करायची होती की नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे मग आपल्या डोक्यावर येते. हे कलम ग्राहकाला न विचारता समजावून सांगणारे दुकान मला प्रथमच भेटले आणि त्याचे गुण मी मोकळेपणाने देतो.

खर्चाचा हिशेब मात्र मागून घ्यावा लागला. सुरुवातीला 2500 रुपये असा एकच आकडा सांगण्यात आला. आमचा करार अकरा महिन्यांचा, भाडे दरमहा 7000 आणि परत करावयाची अनामत 30000 रुपये. मुद्रांक शुल्क काढताना अकरा महिन्यांचे एकूण भाडे आणि अनामतीवर वर्षाला दहा टक्के दराने त्या मुदतीची रक्कम, अशी बेरीज करून तिचा पाव टक्का धरतात. म्हणजे 77000 अधिक 2750, आणि त्याचा पाव टक्का सुमारे 200 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत ती 500 आहे, त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे टेंबलाईवाडीत एक फी आणि पलीकडे उजळाईवाडीत दुसरी, अशी आपल्याकडची गंमत आहे. हद्दवाढीचा वाद किती जुना आहे हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. उरलेल्या रकमेत दस्त हाताळणीचे शुल्क आणि दुकानाची मजुरी आली. मजुरी मला जास्त वाटली नाही, कारण माणूस घरी येतो. परंतु सरकारी रक्कम आणि मजुरी वेगळी दाखवणारी पावती त्यांनी स्वतःहून द्यायला हवी. ग्राहकाने मागितली तरच ती मिळते, आणि बहुतेक ग्राहक मागत नाहीत.

घरी येऊन केलेले काम नीटनेटके होते. ठरल्या वेळी एक तरुण मुलगा आला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून त्याला अंगठ्याचे यंत्र जोडले आणि एकेकाचे छायाचित्र घेत आधारची पडताळणी सुरू केली. माझे काम लगेच झाले. साक्षीदार म्हणून आलेल्या शेजाऱ्यांचा अंगठा काही केल्या जुळेना. आयुष्यभर लेथवर काम केलेल्या माणसाच्या बोटांवर रेघा राहतात कुठे? मुलाने घाई न करता ओला रुमाल दिला, बोट पुसून घेतले, मग तर्जनी, मग मधले बोट असे करत शेवटी डाव्या हाताच्या अनामिकेवर हिरवी खूण मिळवली. तोपर्यंत आमच्या भाडेकरूंच्या पत्नीने चहा करून आणला होता आणि मसुद्याची प्रतही त्यांनीच पहिल्यांदा वाचायला घेतली होती. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात न जाता, ऑनलाइन सादर केलेला दस्त मंजूर होऊन नोंदणी क्रमांक आणि सूची दोनची, म्हणजे नोंदणीच्या सरकारी उताऱ्याची, प्रत मोबाईलवर आली. घरभाडे भत्त्यासाठी, मुलांच्या शाळाप्रवेशासाठी आणि गॅसजोडणीसाठी जवानांना नोंदणीकृत प्रत उपयोगी पडते, त्यामुळे हा वेग त्यांच्या दृष्टीनेही मोलाचा आहे.

आता मसुद्याविषयी, आणि हीच माझी मुख्य तक्रार आहे. नोंदणी विभागाच्या प्रणालीत कराराचा मूळ साचा ठरलेला असतो आणि जादा अटींसाठी जागा असते. या दुकानाने त्या जागेत स्वतःच्या संग्रहातील इंग्रजी अटी चिकटवल्या होत्या. भाडेकरू लष्करात आहेत असे मी सांगितल्यामुळे त्यांनी 'लष्करी अट' म्हणून एक खास परिच्छेद घातला होता, आणि त्याबद्दल मला कौतुक वाटणारच होते, तोच आमच्या भाडेकरूंच्या पत्नीने विचारले, "काका, हा शेरीफ कोण?" पाहतो तर काय, भाडेकरूने घर सोडले नाही तर कंबरलँड काउंटीच्या शेरीफमार्फत ताबा घेण्यात येईल, असे त्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलेले! अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातला, फोर्ट ब्रॅग या मोठ्या लष्करी तळाशेजारच्या काउंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला, कोणाचा तरी करार इंटरनेटवरून उतरवून घेतला होता (शेरीफ हा तिथला पोलीसप्रमुख), आणि गाव बदलायचे राहून गेले होते. मुलाला विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, "इंग्लिशमधलं आहे ना काका, कोण एवढं वाचत नाही."

चूक हास्यास्पद असली तरी तो परिच्छेद मी बारकाईने वाचला आणि त्यामागचा कायदाही पाहिला, कारण त्यातली कल्पना विचार करण्याजोगी होती. अमेरिकेत 2003 चा सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ ॲक्ट हा संघराज्याचा कायदा आहे; तो 1940 च्या जुन्या कायद्याची जागा घेऊन आला. सैनिकाची कायमची बदली झाली किंवा 90 दिवस वा त्याहून अधिक काळासाठी मोहिमेवर जाण्याचा हुकूम आला, तर घरमालकाला लेखी नोटीस आणि हुकमाची प्रत देऊन तो भाडेपट्टा मुदतीपूर्वी संपवू शकतो. भाडे महिन्याचे असेल तर नोटिशीनंतर जे भाडे देय होते त्या तारखेपासून 30 दिवसांनी पट्टा संपतो. म्हणजे 20 जूनला नोटीस दिली आणि भाड्याची तारीख 1 जुलै असेल, तर 31 जुलैला सैनिक मोकळा. याशिवाय ठरावीक मर्यादेपर्यंत भाडे असलेल्या राहत्या घरातून सैनिकाला किंवा त्याच्या अवलंबितांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय बाहेर काढता येत नाही, आणि सेवेमुळे भाडे देण्याची ऐपत कमी झाली असेल तर न्यायालय कारवाई 90 दिवस थांबवू शकते. नॉर्थ कॅरोलिनात घर खाली करून घेण्याचा दावा मॅजिस्ट्रेटपुढे चालतो, निकालाविरुद्ध अपिलासाठी दहा दिवस मिळतात आणि त्यानंतरच शेरीफ येतो; घरमालकाने स्वतः कुलूप बदलणे तिथे बेकायदेशीर आहे. थोडक्यात, आमच्या मसुद्यात चुकून येऊन पडलेली ती अट तिच्या मूळ जागी पोकळ नव्हती. तिच्या पाठीशी कायदा होता.

आपल्याकडे तसा आधार नाही, आणि दुकानाने ग्राहकाला नेमके हेच सांगायला हवे होते. महाराष्ट्राच्या भाडे कायद्याला सैनिक आठवतो तो घरमालक म्हणून. कलम 23 प्रमाणे सेवेत असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या सैनिकाला स्वतःच्या अथवा कुटुंबाच्या राहण्यासाठी घराची खरोखर गरज असेल, आणि त्या भागात राहण्यास योग्य असे त्याचे दुसरे घर नसेल, तर अधिकृत अधिकाऱ्याच्या दाखल्यासह तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे अर्ज ऐकण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊन झटपट कार्यपद्धतीने ताबा मागू शकतो. त्याच्या पश्चात त्याच्या वारसांनाही हा मार्ग खुला आहे. सैनिक टाकळीसारखे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे निवृत्तीनंतर शहरातले आपलेच घर भाडेकरूकडून परत मिळवू पाहणारे माजी सैनिक थोडे नाहीत, आणि त्यांतील अनेकांना हे कलम ठाऊक नसते. परंतु भाड्याने राहणाऱ्या जवानाची बदली झाली, तर करार मध्येच सोडण्याचा आपोआप मिळणारा हक्क या कायद्यात कुठेही नाही. भारतीय सैनिक (दावे) अधिनियम 1925 नावाचा एक जुना केंद्रीय कायदा आहे. विशेष किंवा युद्धजन्य परिस्थितीत तैनात असलेला सैनिक हजर राहू शकत नसेल, तर दाखल्याच्या आधारे न्यायालयातील कामकाज तहकूब करण्याची सोय त्यात आहे. तो दाव्याच्या वेळी उपयोगी पडेल. भाड्याची बांधिलकी काही तो संपवत नाही.

प्रादेशिक सेनेच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. यातले पुष्कळ जवान एरवी आपापला व्यवसाय सांभाळतात आणि सेवेसाठी बोलावणे आले की हजर होतात. मग पलटणीची तुकडी कधी कुठे रवाना होईल हे त्यांच्या हाती नसते. दुकानाच्या साच्यात सहा महिन्यांची 'लॉक-इन' मुदत होती, म्हणजे त्याआधी घर सोडले तर उरलेल्या महिन्यांचे भाडे अनामतीतून कापले जाणार. कापडदुकानात काम करणाऱ्या भाडेकरूला ही अट चालून जाईल. ज्याला हुकूम आल्यावर चार दिवसांत निघावे लागते, त्याच्याकडून ती लिहून घेणे मला पटले नाही, आणि त्यांच्या पत्नीने तर सरळ सांगितले की साहेबांची बदली झाली तर त्या एकट्या दोन मुलांना घेऊन इथे राहणार नाहीत, गडहिंग्लजला सासरी जातील. मग आम्ही मराठीत साधी अट लिहिली : बदलीचा किंवा तैनातीचा लेखी हुकूम दाखवल्यास भाडेकरूने एक महिन्याची सूचना देऊन घर सोडावे, लॉक-इन लागू होणार नाही, आणि ताबा दिल्यापासून पंधरा दिवसांत वीजबिल वजा करून अनामत परत करावी. हुकमाची प्रत गोपनीय असू शकते, म्हणून पलटणीच्या कार्यालयाचे साधे पत्रही चालेल, ही भर भाडेकरूंनी सुचवली. माझ्या ती लक्षात आली नसती. मुलाने कुरकुर न करता सगळे टाईप केले आणि काउंटीचा परिच्छेद काढून टाकला. जादा पैसे मागितले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

दुसरी तक्रार ताब्याच्या आश्वासनाविषयी आहे. या दुकानाच्या पत्रकावर 'रजिस्टर करार करा, भाडेकरू 30 दिवसांत बाहेर' असे ठळक छापले आहे. त्यातले 30 दिवस कुठून आले ते मी शोधले. घर राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर, दिले असेल आणि मुदत संपूनही समोरचा माणूस ताबा देत नसेल, तर कलम 24 खाली घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. मुदत संपल्याची खात्री झाल्यावर प्राधिकारी ताब्याचा आदेश देतात, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई वसूल करता येते. लेखी करारातील मजकूर तिथे निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून दिवाणी दाव्याप्रमाणे साक्षीपुराव्यात वर्षे जात नाहीत. 30 दिवस आहेत ते कलम 43 मध्ये, आणि ते भाडेकरूसाठी आहेत : समन्स मिळाल्यापासून तेवढ्या अवधीत त्याने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू लढवण्याची परवानगी मागायची असते, न मागितल्यास अर्जातील म्हणणे त्याला मान्य आहे असे धरतात. त्यात समन्स बजावण्यात जाणारा वेळ मोजलेला नाही. परवानगी मिळाली तर सुनावणी होणार, आदेशानंतर 90 दिवसांत पुनरीक्षण अर्ज, म्हणजे तो आदेश वरच्या अधिकाऱ्याकडून तपासून घेण्याचा अर्ज, करता येणार, आणि तो अपर आयुक्त किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे चालत असल्याने, पुणे महसूल विभागात मोडणाऱ्या कोल्हापूरकराला पुण्याकडे पाहावे लागणार. त्यापुढे उच्च न्यायालयात जाण्यासाठी मुंबई गाठण्याची गरज मात्र ऑगस्ट 2025 पासून उरलेली नाही. सर्किट बेंच आता गावातच आहे, आणि त्यासाठी येथील वकिलांनी किती वर्षे आंदोलन केले हे सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा पत्रकावरील वाक्य पूर्णपणे खोटे नाही. पण ज्या माणसाला उद्यापासून बँकेचा हप्ता भाड्यातून भरायचा आहे त्याची त्याने फसगत होते.

याच संदर्भात दुकानातल्या एका गृहस्थांनी, बहुधा मालकांनी, मला एक सल्ला दिला, तो इथे मुद्दाम लिहितो म्हणजे कोणी पाळू नये. "लई त्रास दिला तर लाईट-पाणी बंद करायचं, चार दिवसांत गाडी लावतंय." कलम 29 ने हेच करण्यास मनाई केली आहे. पाणी, वीज, जिन्यातला दिवा यांसारख्या आवश्यक सोयी घरमालकाने योग्य कारणाशिवाय तोडल्या तर भाडेकरू न्यायालयात जाऊन त्या पूर्ववत करून घेऊ शकतो, आणि घरमालकाला शिक्षा होऊ शकते. कुलूप तोडून सामान बाहेर काढले, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 च्या कलम 6 प्रमाणे, कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकतो, आणि तिथे मालकी कोणाची हा प्रश्न विचारलाच जात नाही. भाडे नियंत्रण कायद्याचे नाव घेऊन धंदा करणाऱ्या दुकानात हा सल्ला मिळावा, याला काय म्हणावे?

पत्रकावर 'जुने भाडेकरू खाली करणे' अशीही एक सेवा आहे. ती मी घेतलेली नाही, म्हणून तिच्या दर्जाबद्दल लिहिणार नाही. मात्र शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत वाडा असलेल्या वाचकांनी एक फरक ध्यानात ठेवावा. तिथल्या पिढ्यान्पिढ्यांच्या भाडेकरूंना कलम 24 लावता येत नाही. ते कायद्याने संरक्षित भाडेकरू आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयात कलम 15 किंवा 16 मधील कारणच सिद्ध करावे लागते. भाडे थकले असेल तर आधी लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबायचे. दावा दाखल झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने सर्व थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह भरली, तर ताब्याचा हुकूम होत नाही. पोटभाडेकरू ठेवणे, सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा न वापरणे, लेखी संमतीविना पक्के बांधकाम करणे, घरमालकाची खरी गरज असणे, ही कलम 16 मधली कारणे. आणि गरजेच्या कारणात कोणाची अडचण मोठी हे न्यायालय तोलून पाहते. हे काम वकिलाचे आहे, करार टाईप करणाऱ्याचे नव्हे. दुकानाच्या गाळ्यांनाही कलम 24 चा झटपट मार्ग नाही, तो फक्त राहण्याच्या जागेसाठी आहे. राजारामपुरीत गाळे भाड्याने देणाऱ्यांनी पत्रक वाचताना हे विसरू नये.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचा अर्ज दुकानाने त्याच शुल्कात ऑनलाइन भरून दिला. ही केवळ माहिती असते, पोलिसांची परवानगी नव्हे, आणि जवानाच्या ओळखपत्राची छायाप्रत तिथे जोडण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही हे बरे केले. आधारवर काम भागते. अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही असा मोबाईलवर फिरणारा संदेश मी त्यांना दाखवला. ती तरतूद केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली असून, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय ती लागू होत नाही, हे बाईंनी अचूक सांगितले. म्हणजे दुकानात कायदा जाणणारे माणूस आहे. मसुदे मात्र त्यांच्या नजरेखालून जात नाहीत.

मुदत संपण्याच्या महिनाभर आधी आठवण करून देणारा संदेश पाठवण्याची त्यांची पद्धत मला सर्वांत उपयुक्त वाटली. बहुतेक ठिकाणी करार संपतो, भाडे पूर्वीप्रमाणे चालू राहते, आणि नवा करार न केल्याचे भांडण झाल्यावरच ध्यानात येते. नूतनीकरणासाठी मी याच दुकानाकडे जाणार आहे. नोंदणीच्या कामाला पाचपैकी साडेचार, मसुद्याला दोन आणि तोंडी सल्ल्याला शून्य असे गुण मी देईन. ज्यांना ही किंवा अशी दुसरी सेवा घ्यायची आहे त्यांनी जादा अटींचा मजकूर मराठीत आणि अंगठे उमटण्याच्या किमान एक दिवस आधी मागून घ्यावा, कारण ओट्यावर लॅपटॉप उघडल्यावर साक्षीदार ताटकळलेले असतात आणि कोणी काही वाचत नाही. भाडेकरूलाही तीच प्रत आदल्या दिवशी पाठवावी. दोन साक्षीदार, सर्वांचे आधार, मालकाचे वीजबिल किंवा घरफाळ्याची पावती आणि भाडेकरूचे पॅन एवढी कागदपत्रे तयार ठेवली तर काम तासाभरात उरकते. दुकान जवानांच्या सोयीसाठी रविवारी संध्याकाळीही माणूस पाठवते, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.